सर्व्हरशी जोडणीच होत नसेल तर लोड बॅलन्सरने काय करावे?

सेतुबंध (धागाकर्ता)

लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारी प्रणाली. तिच्या मागे चार-पाच सर्व्हर उभे केले की त्यांतला एखादा बंद पडला तरी वापरणाऱ्याला कळणार नाही, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एक सर्व्हर गेला की काही जणांना ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची त्रुटी) दिसतो, काही जणांचे पान मिनिटभर अडकून पडते आणि क्वचित एखाद्याची नोंद दोनदा होते. या तिन्ही तक्रारींवर ‘पुनर्प्रयत्नांची संख्या वाढवा’ हा एकच उपाय सुचवला जातो आणि त्यामुळे तिसऱ्या तक्रारीत भरच पडते. माझे म्हणणे असे की, जोडणी नेमक्या कोणत्या टप्प्यावर तुटली हे ठरवल्याशिवाय टाइमआउट किती ठेवायचा, पुन्हा प्रयत्न करायचा की नाही आणि सर्व्हर यादीतून काढायचा की नाही, यांपैकी एकही निर्णय नीट घेता येत नाही.

पहिला प्रकार स्पष्ट नकाराचा. यंत्र चालू आहे, पण त्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही. अशा वेळी समोरचे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) आपल्या सिन पॅकेटला, म्हणजे जोडणी मागणाऱ्या पहिल्या पॅकेटला, आरएसटी हे नकाराचे पॅकेट पाठवून उत्तर देते आणि लिनक्सवर १११ क्रमांकाची त्रुटी, म्हणजे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, हाती येते. हा निकाल पॅकेट जाऊन येण्याइतक्याच वेळात लागतो, त्यामुळे तो सर्वांत सोयीचा.

दुसरा प्रकार मौनाचा. यंत्राची वीज गेली, मधला स्विच बंद पडला किंवा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, तर सिनला काहीच उत्तर येत नाही. लिनक्स कर्नल ते सिन सुरुवातीला १ सेकंदाने आणि पुढे दुप्पट होत जाणाऱ्या अंतराने पुन्हा पाठवत राहते. हे प्रयत्न किती करायचे ते ठरवणाऱ्या ‘टीसीपी_सिन_रिट्राइज’चे मूळ मूल्य ६ असल्यामुळे कर्नलने हार मानेपर्यंत एकूण दोन मिनिटांहून अधिक वेळ जातो. लोड बॅलन्सरने स्वतःचा टाइमआउट लावला नाही, तर वापरणारा एवढा वेळ ताटकळतो.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. जोडणी झाली, विनंती पाठवून झाली आणि त्यानंतर उत्तर येण्याआधी जोडणी तुटली किंवा उत्तराची मुदत संपली. येथे सर्व्हरने काम केले की नाही, हे लोड बॅलन्सरला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

पहिल्या दोन प्रकारांत विनंतीचा एकही बाइट अॅप्लिकेशनपर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणून तीच विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणे सुरक्षित आहे, मग ती पोस्ट (माहितीत बदल करणारी) असो वा गेट (माहिती फक्त वाचणारी). तिसऱ्या प्रकारात ही मुभा आपोआप मिळत नाही. एचएप्रॉक्सी आणि एन्जिनएक्स या दोन प्रचलित लोड बॅलन्सरच्या मूळ मांडणीत हा फरक पाळलेला आहे, पण आपण सेटिंग बदलताना तो नकळत पुसून टाकतो.

एचएप्रॉक्सीत ‘रिट्राइज’चे मूळ मूल्य ३ आहे आणि हे प्रयत्न मुळात फक्त जोडणी न होण्यापुरते आहेत. सर्व्हरने नकार दिला तर त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाण्याआधी तो साधारण सेकंदभर थांबतो, कारण सर्व्हर नुकता पुन्हा सुरू होत असण्याची शक्यता असते. ‘ऑप्शन रीडिस्पॅच’ लावल्यावर शेवटचा प्रयत्न दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ शकतो. त्यापुढे १ हा आकडा लिहिला तर प्रत्येक पुनर्प्रयत्नाला सर्व्हर बदलता येतो. ज्यांची सत्रे कुकीने एकाच सर्व्हरला बांधलेली नाहीत, त्यांच्यासाठी मला ही दुसरी रीत अधिक योग्य वाटते. नकार देणाऱ्या सर्व्हरच्या दाराशी थांबून राहण्याचे त्यांना काही कारण नसते.

आपापल्या ठिकाणी हे कसे हाताळले आहे, ते लॉगमधल्या ओळींसह लिहावे, म्हणजे चर्चा नेमकी होईल.

क्षितिजरेषा

आपण सांगितलेला मौनाचा प्रकार आमच्याकडे दिसतो. एन्जिनएक्सच्या मागे तीन सर्व्हर आहेत आणि त्यांतले एक यंत्र पूर्ण बंद असताना काही वापरकर्त्यांचे पान सुमारे मिनिटभर कोरे राहते आणि मग नीट उघडते. एरर लॉगमध्ये ‘११०: कनेक्शन टाइम्ड आउट व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम’ अशा ओळी सारख्या येतात. ‘मॅक्स_फेल्स’ ३ ठेवलेले आहे. तीन अपयशांनंतर तो सर्व्हर बाजूला पडायला हवा होता, पण ओळी थांबत नाहीत. याचे कारण काय असावे?

सेतुबंध (धागाकर्ता)

येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत असे दिसते.

मिनिटभराचा विलंब ‘प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउट’मुळे आहे. त्याचे मूळ मूल्य ६० सेकंद आहे आणि पुढच्या सर्व्हरकडे वळण्याआधी एन्जिनएक्स तेवढा वेळ वाट पाहतो. एकाच डेटा सेंटरमधल्या सर्व्हरशी जोडणी मिलिसेकंदांत होते, त्यामुळे तेथे ६० सेकंदांना काही अर्थ नाही. मात्र हा आकडा १ सेकंदाच्या खालीही आणू नये. एखादे सिन पॅकेट वाटेत हरवले तर कर्नल ते पहिल्यांदा १ सेकंदाने पुन्हा पाठवते. टाइमआउट त्याआधीच संपला तर एका हरवलेल्या पॅकेटमुळे धडधाकट सर्व्हर दोषी ठरतो. दीड ते दोन सेकंद ठेवले तर एका पॅकेटची चूक पोटात घालता येते, आणि साडेतीन ठेवले तर दोन पॅकेटांची. एचएप्रॉक्सीच्या दस्तऐवजात ३ सेकंदांच्या पटीपेक्षा थोडा अधिक, म्हणजे ४ किंवा ५ सेकंदांचा टाइमआउट ठेवण्याचा सल्ला आहे. ती पुनर्प्रेषणाची पहिली मुदत ३ सेकंद असतानाच्या काळाची खूण आहे. २०११ च्या आरएफसी ६२९८ या इंटरनेट प्रमाणाने ती मुदत १ सेकंदावर आणली.

दुसरी गोष्ट मोजणीची. अपस्ट्रीमच्या, म्हणजे मागच्या सर्व्हरांच्या यादीच्या, ठोकळ्यात ‘झोन’ (सामायिक स्मृती) दिलेला नसेल, तर एन्जिनएक्सची प्रत्येक वर्कर प्रक्रिया अपयशांची स्वतंत्र गणती ठेवते. एका वर्करने सर्व्हर बाजूला काढला तरी इतरांना त्याचा पत्ता नसतो. शिवाय ही तीन अपयशे ‘फेल_टाइमआउट’च्या मुदतीत, म्हणजे मूळ मूल्यानुसार १० सेकंदांत, घडावी लागतात. रहदारी बेताची असेल आणि वर्कर आठ असतील, तर एकाच वर्करकडे १० सेकंदांत तीन अपयशे जमणे कठीण आहे. ‘झोन’ची एक ओळ घातल्याने गणती सामायिक होते.

तिसरी गोष्ट पुन्हा तपासण्याची. सर्व्हर बाजूला काढल्यावर १० सेकंदांनी एन्जिनएक्स त्याची परीक्षा खऱ्या वापरकर्त्याची विनंती पाठवूनच घेतो, कारण मोफत आवृत्तीत स्वतंत्र सक्रिय हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का याची स्वतःहून तपासणी, नाही. यंत्र दिवसभर बंद असेल, तर दिवसभर अधूनमधून कोणाची तरी विनंती त्या बंद दारावर जाऊन परत येते. म्हणूनच जोडणीचा टाइमआउट छोटा असणे इतके महत्त्वाचे आहे. तो दोन सेकंदांचा असेल तर त्या एका माणसाला थोडा उशीर होतो, साठ सेकंदांचा असेल तर तो माणूस पान बंद करून निघून जातो.

ध्रुवपद

पोस्ट विनंत्यांचा मुद्दा विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण आर्थिक व्यवहारांच्या प्रणालीत तो जिव्हाळ्याचा आहे.

एन्जिनएक्सच्या ‘प्रॉक्सी_नेक्स्ट_अपस्ट्रीम’चे मूळ मूल्य ‘एरर’ आणि ‘टाइमआउट’ असे आहे. पूर्वी यात पोस्टही दुसऱ्या सर्व्हरकडे जात असे. १.९.१३ या आवृत्तीपासून पोस्ट, लॉक आणि पॅच या विनंत्या एकदा सर्व्हरकडे पाठवून झाल्या असतील तर पुढे पाठवल्या जात नाहीत. जोडणीच झाली नसेल तर मात्र त्या आजही पुढे जातात, आणि ते योग्यच आहे. ‘नॉन_आयडेम्पोटंट’ (पुन्हा केल्यास परिणाम बदलू शकतो अशा विनंत्याही पुढे पाठवा) हा शब्द लिहिला की हे संरक्षण निघून जाते. ५०२ कमी दिसावेत म्हणून तो लिहिलेली सेटिंग मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. ५०२ खरोखरच कमी होतात, पण एकाच ग्राहकाकडून दोनदा रक्कम वळती झाल्याची तक्रार लॉगमध्ये ५०२ म्हणून उमटत नाही. ती आठवड्याने हिशेब जुळवताना सापडते.

एचएप्रॉक्सीत २.० पासून ‘रिट्राय-ऑन’ आले. त्यात रिकामे उत्तर, उत्तराची मुदत संपणे, ५०३ यांसारख्या प्रसंगीही पुनर्प्रयत्न करता येतो. ती सोय वापरायची असेल, तर पोस्टसाठी ‘डिसेबल-एल७-रिट्राय’चा नियम सोबत लिहिणे मी अनिवार्य समजतो.

पुट आणि डिलीट या पद्धती आरएफसी ९११० नुसार पुन्हा केल्या तरी परिणाम तोच राहील अशा मानल्या आहेत. पण हे प्रमाणाचे वचन आहे, आपल्या कोडचे नव्हे. पुट आल्यावर प्रत्येक वेळी ईमेल पाठवणारी प्रणाली लोड बॅलन्सरला ओळखता येत नाही. खरा उपाय अॅप्लिकेशनमध्ये आहे. ग्राहकाच्या बाजूने प्रत्येक व्यवहाराला एक अनन्य किल्ली द्यावी, सर्व्हरने ती डेटाबेसमध्ये व्यवहाराच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवावी आणि तीच किल्ली पुन्हा आली तर नवे काम न करता जुनेच उत्तर द्यावे. किल्ली आधी आणि व्यवहार नंतर अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या तर मधल्या क्षणी सर्व्हर कोसळल्यावर प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

क्षितिजरेषा

दोघांचेही आभार. ‘झोन’ची ओळ आमच्याकडे खरोखरच नव्हती. आणखी एक शंका आहे. सर्व सर्व्हर चालू असताना, रहदारी कमी असलेल्या वेळी पोस्ट विनंत्यांना तुरळक ५०२ येतात आणि लॉगमध्ये ‘१०४: कनेक्शन रीसेट बाय पीअर’ असे दिसते. सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्या विनंत्यांचा मागमूसही नसतो.

ध्रुवपद

‘रहदारी कमी असलेल्या वेळी’ या तपशिलावरून जुन्या जोडण्यांच्या पुनर्वापराचा संशय येतो. लोड बॅलन्सर सर्व्हरशी झालेल्या जोडण्या राखून ठेवतो. एन्जिनएक्समध्ये अशी रिकामी जोडणी मुळात ६० सेकंद ठेवली जाते, तर नोडजेएसच्या अनेक आवृत्त्यांत सर्व्हर ती ५ सेकंदांनीच बंद करतो. सर्व्हर जोडणी बंद करत असतो आणि नेमक्या त्याच क्षणी लोड बॅलन्सर तिच्यावरून नवी विनंती पाठवतो. सर्व्हर आरएसटीने उत्तर देतो. विनंती पाठवून झालेली असल्यामुळे पोस्ट दुसरीकडे जात नाही आणि ग्राहकाला ५०२ मिळतो. रहदारी दाट असताना जोडण्या रिकाम्या राहतच नाहीत, म्हणून हा दोष तेव्हा दिसत नाही.

सर्व्हरची रिकामी जोडणी राखण्याची मुदत लोड बॅलन्सरच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवावी, म्हणजे जोडणी बंद करण्याचा पुढाकार नेहमी लोड बॅलन्सरकडे राहील. लोड बॅलन्सरला ६० असेल तर सर्व्हरला ६५ किंवा ७० पुरे.

मंद्रसप्तक

आतापर्यंतची चर्चा सर्व्हर खरोखर बंद पडला आहे असे धरून चालली आहे. मला त्यात एक गंभीर दुरुस्ती सुचवायची आहे. अनेकदा सर्व्हर मेलेला नसतो, तो दमलेला असतो, आणि बाहेरून हे दोन्ही सारखेच दिसतात.

अॅप्लिकेशनला नव्या जोडण्या स्वीकारायला वेळ मिळाला नाही की त्या कर्नलच्या रांगेत साचतात. ही रांग भरली की लिनक्स नवी सिन पॅकेटे नकार न देता टाकून देते. लोड बॅलन्सरला तेथे मौनच ऐकू येते, आणि सेतुबंध यांनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात त्याची गणना होते. या रांगेची कमाल मर्यादा ‘सोमॅक्सकॉन’ ठरवते. कर्नल ५.४ च्या आधी तिचे मूळ मूल्य १२८ होते आणि ५.४ पासून ते ४०९६ झाले. ‘एसएस’ आदेशाने ऐकणाऱ्या पोर्टची रांग पाहिली, तर रांगेत आत्ता किती जोडण्या आहेत आणि मर्यादा किती, हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात. ‘एनस्टॅट’मधला ‘लिसनओव्हरफ्लोज’ हा आकडा वाढत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

अशा वेळी पुनर्प्रयत्न हा उपाय नसून रोग वाढवणारी गोष्ट आहे. दमलेल्या सर्व्हरला यादीतून काढले की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, मग तेही दमतात आणि एकामागून एक सगळे बाहेर पडतात. त्यात पुनर्प्रयत्न प्रत्येक थरात असतील तर त्यांचा गुणाकार होतो. ब्राउझरमधले कोड, लोड बॅलन्सर आणि आतली सेवा अशा तीन थरांत प्रत्येकी तीन प्रयत्न असतील, तर तळाच्या डेटाबेसवर एका विनंतीच्या २७ होऊ शकतात, आणि तेही तो आधीच कोसळण्याच्या बेतात असताना.

म्हणून मी प्रति-विनंती मर्यादेइतकेच महत्त्व एकूण मर्यादेला देतो. एन्व्हॉय या प्रॉक्सीमध्ये पुनर्प्रयत्नांचे अंदाजपत्रक लावता येते. त्याचे मूळ मूल्य चालू विनंत्यांच्या २० टक्के आहे. एखादा सर्व्हर गेला तर तेवढ्यात काम भागते, आणि सगळेच अडचणीत असतील तर पुनर्प्रयत्नांचा पूर आपोआप अडतो. बाहेर काढण्यालाही त्यात लगाम आहे. वाईट वागणारे सर्व्हर एका वेळी मुळात १० टक्क्यांपर्यंतच बाजूला काढले जातात, आणि निरोगी सर्व्हर निम्म्याहून कमी उरले तर एन्व्हॉय हेल्थ चेककडे दुर्लक्ष करून सर्वांकडे रहदारी पाठवू लागतो. पहिल्यांदा वाचताना हे उफराटे वाटते. पण निम्म्याहून अधिक सर्व्हर एकाच वेळी आजारी दिसत असतील, तर दोष बहुधा तपासणीत किंवा त्यांच्या सामायिक आधारात असतो. उरलेल्या मोजक्या सर्व्हरवर सगळ्यांचा भार टाकून तो दूर होत नाही.

याच कारणासाठी हेल्थ चेकमध्ये डेटाबेसची तपासणी घालण्याला माझा ठाम विरोध आहे. डेटाबेस दोन सेकंद मंदावला तर सर्व सर्व्हर एकदम नापास होतात आणि ज्या पानांना डेटाबेस लागतही नव्हता तीही बंद पडतात.

सेतुबंध (धागाकर्ता)

आपली दुरुस्ती मला मान्य आहे, फक्त एका अटीसह. ज्या सर्व्हरचाच डेटाबेसकडे जाणारा मार्ग तुटला आहे आणि बाकीच्यांचा शाबूत आहे, तो उथळ तपासणीत कायम उत्तीर्ण होत राहील. उलट प्रत्येक विनंतीला तो क्षणार्धात ५०० (सर्व्हरमधील त्रुटी) देईल, त्यामुळे ‘कमीत कमी जोडण्या’ या पद्धतीत तो सर्वांत मोकळा दिसेल आणि रहदारी त्याच्याकडेच ओढली जाईल. हा दोष डेटाबेसच्या तपासणीने नव्हे, तर खऱ्या उत्तरांवर लक्ष ठेवून पकडावा. एचएप्रॉक्सीत त्यासाठी ‘ऑब्झर्व्ह लेयर७’ आहे.

पारदर्शी

आमच्याकडे चौथ्या थरावरचा, म्हणजे विनंत्या न वाचता पॅकेटेच पुढे पाठवणारा, लोड बॅलन्सर आहे: लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर आणि सर्व्हरांची तपासणी करणारे किपअलाइव्हडी. आपण ज्या पुनर्प्रयत्नांबद्दल बोलत आहात त्यांची सेटिंग मला कुठेच सापडत नाहीत.

सेतुबंध (धागाकर्ता)

ती सापडणार नाहीत, कारण तेथे पुनर्प्रयत्न शक्यच नाही. एचएप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी ग्राहकाशी एक आणि सर्व्हरशी दुसरी अशा दोन स्वतंत्र जोडण्या करते, म्हणून दुसरी फसली तरी पहिली हातात असते. आयपीव्हीएस (लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हरचा कर्नलमधला भाग) मात्र ग्राहकाचे सिन पॅकेटच सर्व्हरकडे रवाना करते आणि कोणते सिन कोणाकडे गेले ते आपल्या तक्त्यात लिहून ठेवते. सर्व्हरने उत्तर दिले नाही आणि ग्राहकाने सिन पुन्हा पाठवले, तरी तक्त्यातल्या नोंदीमुळे ते त्याच मृत सर्व्हरकडे जाते. येथे सर्व भिस्त किपअलाइव्हडीच्या तपासणीवर असते आणि तिचे अंतर जेवढे, तेवढा काळ काही ग्राहक अडकणारच.

सर्व्हर तक्त्यातून काढल्यानंतरही एक खाच उरते. ‘एक्स्पायर_नोडेस्ट_कॉन’चे मूळ मूल्य ० आहे, आणि तसे असताना काढलेल्या सर्व्हरच्या जुन्या जोडण्यांची पॅकेटे आयपीव्हीएस गुपचूप टाकून देते. ग्राहकाला कोणीच काही कळवत नाही. त्याच्याकडे न पोचलेली माहिती पडून असेल, तर लिनक्स ‘टीसीपी_रिट्राइज२’च्या मूळ मूल्यानुसार सुमारे ९२४ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांहून अधिक, ती पाठवत राहू शकते. ‘एक्स्पायर_नोडेस्ट_कॉन’चे मूल्य १ केले की पुढचे पॅकेट येताच जोडणी संपवली जाते आणि ग्राहकाला ती बंद झाल्याचे कळते. ज्या ग्राहक प्रणालींवर आपले नियंत्रण आहे त्यांत ‘टीसीपी_यूजर_टाइमआउट’ही (पोच न मिळता किती वेळ थांबायचे याची मर्यादा) लावावा, कारण वाटेतले प्रत्येक यंत्र आपल्याला कळवेलच अशी खात्री कधीच नसते.

पारदर्शी

समजले. आमच्या आतल्या सेवांच्या जोडण्या सर्व्हर बदलल्यावर बराच वेळ लटकत असत, त्याचा उलगडा झाला.

मंद्रसप्तक

जोडणी न होण्याचे एक कारण अजून कोणी मांडलेले नाही. सर्व्हर ठणठणीत असतो आणि दोष लोड बॅलन्सरच्या यंत्रावर असतो. एरर लॉगमध्ये ‘९९: कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस’ असे दिसले तर सर्व्हरकडे पाहण्यात वेळ घालवू नये. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढे पोर्ट, म्हणजे २८,२३२, उपलब्ध असतात. लोड बॅलन्सरने जोडणी बंद केली की ते पोर्ट ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत राहते. म्हणजे एका स्रोत पत्त्यावरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० पेक्षा अधिक नव्या जोडण्या सातत्याने करता येत नाहीत. प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडणाऱ्या मांडणीत हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो. सर्व्हरशी जोडण्या राखून ठेवणे हा पहिला उपाय. त्याने न भागल्यास पोर्टची श्रेणी वाढवावी किंवा लोड बॅलन्सरला आणखी स्रोत पत्ते द्यावेत.

क्षितिजरेषा

नवी आवृत्ती बसवताना येणाऱ्या अपयशांबद्दलही सांगावे. कुबरनेटीसमध्ये (अनेक यंत्रांवर सेवा चालवणारी प्रणाली) जुना पॉड, म्हणजे सेवेची एक चालती प्रत, बंद होताना काही क्षण ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतात. अॅप्लिकेशन सिगटर्म (बंद होण्याची सूचना) मिळताच व्यवस्थित बंद होते, तरीही.

ध्रुवपद

ते फार तत्परतेने बंद होते, म्हणूनच हे घडते. पॉड काढायचा ठरला की त्याला सिगटर्म देणे आणि त्याचा पत्ता सर्व नोडवरच्या यादीतून काढणे ही दोन कामे समांतर सुरू होतात, त्यांच्यात कोणताही क्रम पाळला जात नाही. यादी सगळीकडे पोहोचण्याआधी अॅप्लिकेशनने पोर्ट बंद केले तर मधल्या विनंत्या नकारावर आदळतात. ‘प्रीस्टॉप’मध्ये, म्हणजे सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या टप्प्यात, पाच-दहा सेकंदांचा विराम द्यावा, म्हणजे यादीतून नाव निघेपर्यंत अॅप्लिकेशन नव्या जोडण्या स्वीकारत राहील. मात्र हा विराम ३० सेकंदांच्या मूळ मुदतीतूनच वजा होतो. हातातल्या विनंत्या संपवायला अॅप्लिकेशनला २५ सेकंद लागत असतील तर ‘टर्मिनेशनग्रेसपीरियडसेकंड्स’ही वाढवावे लागेल.

पारदर्शी

हे सगळे बदल केल्यावर ते खरोखर काम करतात की नाही, याची चाचणी कशी घ्यावी? आम्ही आजवर सर्व्हरवरची सेवा थांबवून पाहत आलो आहोत.

सेतुबंध (धागाकर्ता)

सेवा थांबवल्याने फक्त स्पष्ट नकाराची चाचणी होते, आणि तो प्रकार बहुतेक मांडण्या आधीच नीट हाताळतात. मौनासाठी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) त्या पोर्टवर ‘ड्रॉप’चा नियम लावावा. तो लावल्यापासून किती सेकंदांनी लोड बॅलन्सरने सर्व्हर बाजूला काढला ते मोजावे. एचएप्रॉक्सीच्या मूळ मूल्यांप्रमाणे दर २ सेकंदांनी तपासणी आणि सलग ३ अपयशे असा हिशेब असतो, त्यामुळे सहा-आठ सेकंद जाणे स्वाभाविक आहे. त्या काळात विनंत्या पुनर्प्रयत्नाने तरल्या का, हे त्याच्या लॉगमधल्या समाप्तीच्या दोन अक्षरांवरून कळते. ‘एस’ मोठ्या लिपीत आणि पुढे ‘सी’ असेल तर सर्व्हरने जोडणी नाकारली किंवा तोडली, आणि ‘एस’ लहान लिपीत असेल तर जोडणीची मुदत संपली.

तिसरी चाचणी सहसा कोणी करत नाही. अॅप्लिकेशनच्या प्रक्रियेला सिगस्टॉप पाठवून गोठवावे. प्रक्रिया गोठली तरी जोडणीचा हस्तांदोलनाचा भाग कर्नल स्वतःच पूर्ण करते, त्यामुळे निव्वळ टीसीपी पातळीवरची तपासणी रांग भरेपर्यंत उत्तीर्ण होत राहते आणि प्रत्येक खरी विनंती मात्र उत्तराची मुदत संपेपर्यंत लटकते. आपली तपासणी टीसीपीची असेल तर ती एचटीटीपीची करून, तिला दोन-तीन सेकंदांची स्वतंत्र मुदत लावून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. सर्व्हर किती वेळात बाहेर पडला तो आकडा आपण येथे लिहिलात, तर उत्तराचा टाइमआउट किती ठेवावा याचा हिशेब त्यावरून मांडता येईल.